जॉन बेलेअर्सच्या भुताळ्या घरांच्या गोष्टी, आणि आपला नागपूरचा महाल भाग

महालची_लेक
नमस्कार मंडळी. माझी लेक दहा वर्षांची, तिनं सुट्टीत तो भिंतीतल्या घड्याळाचा २०१८ चा इंग्लिश सिनेमा पाहिला आणि मग मूळ पुस्तकाच्या मागेच लागली. इथं नागपुरात बर्डीवर जुन्या पुस्तकांत सापडलं एकदाचं. लेखक जॉन बेलेअर्स, पुस्तक १९७३ चं. तिला इंग्लिश तेवढं भरभर जमत नाही म्हणून रोज रात्री मी वाचते आणि मराठीत सांगत जाते, आणि आता तिच्याहून मीच जास्त गुंतून राहिली त्यात. गोष्ट १९४८ मधली, आईवडील अपघातात गेलेला दहा वर्षांचा लुईस काकाकडे राहायला येतो आणि त्या मोठ्या घराच्या भिंतीत कुठंतरी घड्याळ टिकटिक करत असतं, ते कुठं आहे ते काकालाही सापडत नाही. परवा लेकीनं मधेच कूलर बंद करायला लावला. म्हणे आपल्या भिंतीला कान लावून बघायचाय. भर मे महिन्यात घामाघूम होऊन आम्ही दोघी भिंतीला कान लावून उभ्या!

मला आमचा वाडा आठवला. माडीवरची एक खोली कायम कुलपात असायची, आणि मागच्या विहिरीचा रहाट वारा सुटला की रात्री कुरकुरायचा, आम्ही सगळी भावंडं एकाच चादरीत शिरायचो. आता तिथं फ्लॅट स्कीम झाली. या लेखकाबद्दल कोणाला माहिती आहे का? अशाच गोष्टी लिहीत जगला का हा माणूस? आणि असं काही आपल्या नागपूरवर मराठीत लिहिलं तर आजची पोरं वाचतील का, ज्यांनी वाडाच पाहिला नाही? माझ्या वहीत चार-पाच गोष्टी अर्धवट पडून आहेत म्हणून विचारते.

धंतोलीचा_वाचक
ताई, तुम्ही माझ्या आवडीचा विषय काढला. बेलेअर्सचा जन्म १९३८ चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मार्शल नावाचं छोटं गाव आहे तिथला. तुम्ही वाचताय त्यातलं न्यू झेबेडी गाव म्हणजे मार्शलच, नुसतं नाव बदललंय. काकाचं घर पण तिथल्या एका खऱ्या जुन्या बंगल्यावरून घेतलंय, क्रोनिन हाऊस म्हणतात त्याला. हा माणूस शिकागो विद्यापीठातून इंग्रजीचा एमए, मग वेगवेगळ्या कॉलेजांत शिकवत फिरला, मधे काही महिने इंग्लंडात ब्रिस्टलला राहिला आणि तिथं जादूगारांची एक कादंबरी लिहिली, ती १९६९ ला आली, पण ती मोठ्यांची. घड्याळाची गोष्ट पण आधी मोठ्यांसाठीच लिहिली होती, प्रकाशकांनी सुचवलं की ही मुलांसाठी करा, आणि तिथून त्याची गाडी जी रुळावर आली ती शेवटपर्यंत. पुढं नोकरी सोडून पूर्णवेळ हेच.

मला सगळ्यात भारी वाटतं ते असं की तो जिथं जिथं राहिला त्या गावाला त्यानं गोष्टीतला एकेक पोरगा दिला. मार्शलला लुईस, मिनेसोटात विनोनाला शिकवायचा तिथला अँथनी मंडे, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये हेवरहिलला शेवटची वीसेक वर्षं राहिला तिथला जॉनी डिक्सन. गावाची नावं बदललेली, गल्ल्या त्याच. १९९१ ला गेला हो, त्रेपन्नाव्या वर्षी, हार्टनं. दोन पुस्तकं अर्धी राहिली होती ती ब्रॅड स्ट्रिकलंड या लेखकानं पुरी केली आणि नंतर स्वतःची पण जोडली. पहिल्या पुस्तकातली चित्रं एडवर्ड गोरीची आहेत, तुमच्या प्रतीत असतील तर लेकीला नीट दाखवा, बारीक बारीक काळ्या रेघांनी नुसता अंधार काढलाय.

शाळेतल्या_बाई
मी मुलांना बरीच वर्षं गोष्टी वाचून दाखवल्यात, शाळेत मराठी शिकवायची. भीतीची गोष्ट म्हटली की वर्ग चिडीचूप होतो हे खरं आहे पण त्यांना खरं धरून ठेवतं ते वेगळंच असतं. लुईसचंच बघा. जाडा, भित्रा, खेळात कोणी न घेणारा मुलगा. एक मित्र मिळालाय तो सुटू नये म्हणून त्याच्यासमोर फुशारकी मारायला हा स्मशानात जाऊन मेलेल्याला उठवायचा मंत्र म्हणतो, आणि तो मंत्र खरंच लागू पडतो. पुढचं सगळं संकट त्याच्या त्या एका चुकीतून येतं आणि ते काकाला सांगायची त्याला हिंमत होत नाही. भुतापेक्षा ती न सांगितलेली गोष्ट पोरांच्या पोटात जास्त खड्डा पाडते. दहा वर्षांच्या प्रत्येक मुलाकडे घरी न सांगितलेलं काहीतरी असतंच ना. आणि दुसरं, शेजारच्या झिमरमनबाई. चेटकीण आहेत पण प्रेमळ, घरात जिकडे तिकडे जांभळा रंग. अशी मोठी माणसं गोष्टीत आहेत म्हणून मूल घाबरूनही शांत झोपतं. तुमच्या वाड्यात अशी कोणी आजी-आत्या होती का? तिला आधी लिहा, भूत नंतर येईल.

इतवारीचा_पोट्टा
ताई, नागपुरात काय कमी आहे भुताचं सांगा बरं! आपली मारबत घ्या न, ते बाईचे मोठाले पुतळे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, १८८० च्या दशकापासून चालून राहिलं हे, नेहरू पुतळ्यापाशी दोघी समोरासमोर येतात आणि पब्लिक बेभान होऊन ओरडते, इडा पिडा घेऊन जा गे मारबत! लहानपणी मी आबांच्या खांद्यावर बसून पाहिली, ती एवढी मोठी काळी बाई गर्दीवरून डुलत डुलत आपल्याकडेच येऊन राहिली असं वाटायचं, मी आबांचे केस इतके घट्ट धरले की ते ओरडले होते. मग तिला जाळतात. आता सांगा, एखाद्या पोट्ट्याच्या घरची पिडा मारबतीसोबत गेलीच नाही तर? मागंच राहिली तर? झाली न गोष्ट सुरू. आणि अजब बंगला आहेच की, १८६३ चं म्युझियम, तिथले पेंढा भरलेले प्राणी काचेच्या डोळ्यांनी बघतात तुमच्याकडे, दुपारी गर्दी नसताना एकदा लेकीला घेऊन जा.

रामदासपेठ_२२
एक वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आठवणीच्या गोष्टी लिहिताना आपल्याकडे यादी करायची फार सवय आहे. कंदील, फिरकीचा तांब्या, वाळ्याची ताटी, अंगणातलं सडासारवण, एका पानात सगळं कोंबतात आणि गोष्ट तिथंच झोपते. मी स्वतः तसंच लिहून पाहिलंय आणि माझ्या भाच्यानं दुसऱ्या पानावर वही मिटली. बेलेअर्सच्या गोष्टीतल्या पोराला तो जुन्या काळात राहतो हे माहीतच नसतं, त्याच्यासाठी तो आजच आहे. वाळ्याची ताटी आणा जरूर, पण रात्री तिच्यावर पाणी मारायला कोणी उठलं नसताना ती ओली झालेली दिसू द्या.

महालची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार, ताटीचं वाचून अंगावर काटाच आला, वहीत लिहून ठेवलं लगेच. बाई, होती हो एक आत्या. माडीच्या कुलपाची चावी तिच्याच कमरेला असायची, आणि अमावास्येला एकटीच वर जायची, ताटात जेवण झाकून. आम्ही खाली जिन्यापाशी मोजत बसायचो की ती किती वेळानं उतरते. काल रात्री लेकीला एवढंच सांगितलं, तर म्हणे ताट खाली येताना रिकामं असायचं का? मला आठवेचना. दादाला फोन केला, त्यालाही आठवेना. तिथूनच सुरू करते.