मदत हवी आहे: मुलींच्या फी माफीबद्दल

नमस्कार मंडळी. माझ्या पुतणीला कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) इंजिनीअरिंगला सीट मिळाली आहे. दादा भांडुपला रिक्षा चालवतो, वहिनी शिवणकाम करते. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या मर्यादेच्या कितीतरी खाली. ओबीसीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सगळं हातात आहे.

2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग), ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 100 टक्के माफ आहे, आधी ते निम्मंच होतं. तरी कॉलेज म्हणतं, आधी पूर्ण फी भरा, महाडीबीटीचे (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे आले की परत देऊ. एवढी रक्कम दादा आणणार कुठून? पोर हुशार आहे हो, पैशांपायी तिची सीट जाऊ नये एवढंच वाटतं.

प्रवेशाच्या वेळी अशी पूर्ण फी मागता येते का? तक्रार नेमकी कुठे करायची, तंत्रशिक्षणच्या विभागीय कार्यालयात की थेट संचालनालयात? आणि डेव्हलपमेंट फीचं तुमच्याकडे काय झालं? मुंबईत ज्यांच्या मुलींनी यातून प्रवेश घेतलाय त्यांनी कृपया लवकर सांगा, मुदत जवळ आली आहे.