प्रतिसाद : सिबिल चांगला, तरी कर्ज का नाही?

‘सिबिल ७८० असूनही, १२ वर्षे खाते असलेल्या बँकेनेच वैयक्तिक कर्ज नाकारले’ या आपल्या प्रश्नाबाबत थोडी भर घालतो. सिबिल हा कर्जफेडीच्या इतिहासावरून ३०० ते ९०० या पट्टीवर काढलेला गुणांक बाहेरच्या पतमाहिती संस्थेचा असतो. जुन्या ग्राहकासाठी बहुतेक मोठ्या बँका स्वतःकडच्या व्यवहारांवरून वेगळा, अंतर्गत गुणांकही काढतात आणि तो ग्राहकाला सहसा सांगितला जात नाही. समजा, आधीच्या कर्जाचा हप्ता ५ तारखेला वळता होतो आणि पगार ७ तारखेला जमा होतो. दर महिन्याला खात्यात पैसे नसल्याने हप्ता एकदा परत जातो, दोन दिवसांनी भरला जातो. पुढचा अहवाल जाईपर्यंत थकबाकी उरत नसल्याने सिबिलमध्ये हे बहुधा दिसतही नाही, पण बँकेच्या संगणकात प्रत्येक परतीची नोंद राहते. शिवाय महिन्याची सरासरी शिल्लक, पगार जमा होताच खाते रिकामे होते का, क्रेडिट कार्डाची मर्यादा कितपत वापरली जाते, हेही पाहिले जाते. कॅश क्रेडिट खात्यात (व्यवसायासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे काढण्याचे कर्जखाते) तर उलाढाल आणि वेळेवर दिलेले स्टॉक स्टेटमेंट (मालसाठ्याचे विवरण) यांना अधिक वजन असते. ‘जुना ग्राहक’ या नात्याला मात्र, व्यवस्थापक चहा पाजत असले तरी, फारसे गुण नसतात. हप्त्याची तारीख १० करून घ्यावी.