आत्याचा ८.४

आत्या: रिपोर्ट आला. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, ८.४. मागच्या वेळी ७.१ होता. गोड सोडून चार महिने झाले, चहासुद्धा बिनसाखरेचा. तरी हे असं.

मोठे काका: म्हणजे सराफ्याला गोड खायला जाणं सुटलेलं नाही.

आत्या: दादा, देवाशपथ गेले नाही.

आई: वन्सं, घरच्या मशीनवर किती येते?

आत्या: उपाशीपोटी ११० ते १२०. जेवणानंतर दोन तासांनी १५०-१६०. वहीत सगळं लिहिलंय.

मी: आत्या, त्याच रिपोर्टात हिमोग्लोबिन किती आहे? आणि त्याखाली एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा आकार?

आत्या: ८.६. एमसीव्ही ६८. माझं रक्त नेहमीच कमी असतं गं.

मी: आत्या, मी लॅबमध्ये रोज हेच बघते, म्हणून जरा लांब लिहिते. एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, त्याचं माप. पेशी साधारण १२० दिवस जगते आणि जगेल तितके दिवस साखर चिकटत राहते. तुझं हिमोग्लोबिन कमी आणि पेशी लहान, म्हणजे लोह कमी असावं. लोह कमी पडलं की नव्या पेशी नीट तयार होत नाहीत, जुन्याच जास्त उरतात. मग साखर तेवढीच असूनही आकडा वर जातो. ८.४ म्हणजे सरासरी साखर १९४ च्या आसपास हवी. तुझ्या वहीत १९४ एकदा तरी आहे का?

आत्या: एकदाही नाही.

मी: मग वही आणि रिपोर्ट जुळत नाहीत, आणि इथे मला वहीच खरी वाटते. हिमोग्लोबिन कमी असलं की बरीचशी घरची मशीन थोडं जास्तच दाखवतात, म्हणजे खरी साखर याहूनही कमी असेल. एकदा मशीन घेऊन उपाशीपोटी लॅबमध्ये ये, शिरेतल्या रक्ताशी ताडून बघू.

मोठे काका: सराफ्याचं बोललो ते चुकलं माझं. माफ कर गं.

आत्या: डॉक्टरांनी मंगळवारपासून साखरेची गोळी, ग्लिमेपिराइड, दुप्पट केलीय. काल पहाटे घाम फुटून हात थरथरत होते. वाटलं, अशक्तपणा असेल.

मी: आत्या, साखर फार उतरली तरी असं होतं. तेव्हा बघितली होतीस का? पुन्हा झालं तर आधी मशीन. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घे आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघ. मशीन हाताशी नसेल तर न बघताही साखर घे. डॉक्टरांना आत्ता फोन कर. वहीतले आकडे, हिमोग्लोबिन आणि काल पहाटेचं, तिन्ही सांग.

वहिनी: माझ्या बाबांचं उलटं झालं होतं. ग्वाल्हेरला डायलिसिस चालू आहे, रक्तवाढीची इंजेक्शनंही. एचबीएवनसी ६.१ बघून आम्ही निश्चिंत होतो, आणि जेवणानंतर साखर २४० निघाली!

मी: हो वहिनी, तेही होतं. इंजेक्शनांमुळे नव्या पेशी भराभर येतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून आकडा खोटा कमी. रक्त चढवल्यावरही बहुधा तसंच. अशा वेळी बोटाची तपासणी, नाहीतर दंडाला लावायचा १४ दिवसांचा सेन्सर. फ्रुक्टोसामीन नावाची रक्ततपासणी दोन-तीन आठवड्यांचा हिशेब देते, पण लघवीतून प्रथिनं जात असतील तर तीही फसवते. बाबांच्या डॉक्टरांशी हे जरूर बोला.

आई: आणि मुळात हिमोग्लोबिन ८.६ का झालं, ते कोण बघणार?

मी: आई, मला सगळ्यात जास्त तीच काळजी आहे. पाळी बंद होऊन दहा वर्षं झाली, मग लोह जातंय कुठे? आत्या गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या घेते, त्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि शौचातून रक्त जातंय का, हे तपासायचं डॉक्टरांना विचारू. नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन गप्प बसायचं नाही. आणि लोह सुरू झालं की एचबीएवनसी आपोआप उतरेल. तेव्हा साखर सुधारली असं समजू नका, वहीच बघा.

आत्या: फोन झाला. गोळी पुन्हा पहिल्याइतकीच. वही घेऊन सोमवारी बोलावलंय, फेरिटिनही सांगितलंय.

मोठे काका: सोमवारी मी येतो न्यायला. आठला तयार राहा, उपाशीपोटी.

आत्या: आत्ता जेवणानंतर १४८.

आई: वन्सं, झोपताना पण एकदा बघा. साखरेची वाटी उशाशी ठेवा.