मदत हवी आहे: कोर्टाच्या आदेशातला 'प्लॉझिबल' (plausible) मराठीत कसा आणू?

नमस्कार मंडळी,

गोरेगावला आमच्या इमारतीचा पुनर्विकास चालू आहे. विकासकाने घरभाडं कधीपासून द्यायचं यावरून वाद झाला आणि तो लवादाकडे गेला. आमचं म्हणणं, घर रिकामं केलं त्या दिवसापासून. विकासकाचं म्हणणं, सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला) मिळाल्यापासून. लवादाने त्याचं म्हणणं धरलं. हायकोर्टाने निवाडा रद्द करायला नकार दिला. आदेशात लिहिलंय की लवादाने करारातल्या कलमाचा लावलेला अर्थ 'प्लॉझिबल' आहे. सोसायटीतल्या ज्येष्ठांसाठी मी आदेशाचं मराठी करतोय आणि नेमका इथेच अडलोय.

'संभाव्य' म्हटलं की पुढे घडू शकेल अशी गोष्ट डोळ्यांपुढे येते. 'विश्वसनीय' हा खरं तर क्रेडिबलचा शब्द. तो वाचून एक काकू म्हणाल्या, "म्हणजे आपलं म्हणणं खोटं ठरलं." मग मी 'वरवर खरा वाटणारा' असं केलं, तर एक काका उसळले, "कोर्टालाही तो खोटाच वाटलाय, चला अपिलात!" दोघांचाही समज चुकीचा आहे असं मला वाटतं, पण नक्की कसा ते सांगता येत नाही. अपिलात जायचं की नाही हे रविवारच्या सभेत ठरणार आहे. पैसे लोकांचे जाणार आहेत, म्हणून शब्द चोख हवा.

इंग्रजीत या शब्दात संशय मुळातच असतो का?

प्रतिसाद १

मुळात नसतो, संदर्भाने येतो. हा शब्द लॅटिनमधल्या टाळ्या वाजवण्याच्या धातूवरून आला. अप्लॉज त्याच घरातला. सोळाव्या शतकात इंग्रजीत त्याचा अर्थ 'टाळ्या घेण्याजोगा', वाखाणण्यासारखा असा होता. पुढे तो 'ऐकताना पटेल असा' इथे आला. पटतं, पण खरं आहे की नाही ते अजून ठरलेलं नाही, हा त्याचा गाभा. स्पष्टीकरण, सबब, अंदाज यांना लावला तर 'पटण्याजोगा' बहुतेक ठिकाणी चालतो. माणसाला लावला की मात्र रंग बदलतो: बोलण्यात गुंतवणारा, गोडबोल्या. तिथे संशय पक्का. प्रॉबेबलशी गल्लत नको. प्रॉबेबल म्हणजे घडण्याची शक्यता जास्त. प्लॉझिबल गोष्टीत तेवढा भरवसा नसतो.

तुमच्या आदेशात मात्र 'पटण्याजोगा'ही टाळा. काकू पुन्हा तेच म्हणतील. १९९६च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली, म्हणजे निवाडा रद्द करण्याच्या अर्जावर, कोर्ट अपील ऐकत नसतं. दोन अर्थ निघू शकत असतील आणि लवादाने त्यातला एक घेतला असेल, तर दुसरा अधिक बरा वाटला म्हणून कोर्ट निवाडा बदलत नाही. २०१५च्या दुरुस्तीने तर कलमातच घातलं की कायदा चुकीचा लावला एवढ्यावरून किंवा पुरावा नव्याने तोलून देशांतर्गत निवाडा रद्द करता येणार नाही. म्हणजे तुमचा अर्थ चूक, असं कोर्टाने म्हटलेलं नाही. विकासकाचा खोटा, असंही नाही. मी असं लिहीन:

"कलमाचा लवादाने लावलेला अर्थ लावता येण्याजोगा आहे, दुसरा अर्थ निघत असला तरी तेवढ्यावरून न्यायालय हस्तक्षेप करणार नाही."

मूळ वाक्यात दुसरा भाग नसेल तर तो तळटीप म्हणून द्या, आदेशाच्या तोंडी घालू नका. आणि या नकाराविरुद्ध कलम ३७ खाली होणाऱ्या अपिलाची कक्षा याहून मोठी नसते, हे सभेत वकिलांकडूनच सांगवा.

प्रतिसाद २

वैद्यकातही हीच छटा. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ साली रोगाचं कारण पारखण्याचे नऊ निकष मांडले, त्यात प्लॉझिबिलिटी आहे. पण तिचा हट्ट धरू नये असं त्यांनीच बजावलं, कारण काय पटतं ते त्या काळातल्या ज्ञानावर अवलंबून असतं. तिथे मी 'शरीरशास्त्राला धरून' असं लिहितो. एकच मराठी शब्द सगळीकडे बसवायचा प्रयत्न सोडा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. 'लावता येण्याजोगा' काकांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे आपलाही लावता आला असता?" तळटीप स्वतंत्र देतोय. आता एकच शंका: पुढच्या परिच्छेदात विकासकाच्या एका सबबीला 'इम्प्लॉझिबल' म्हटलंय. तिथे 'न पटणारी' पुरे, की 'मानता येणार नाही अशी' लिहू?