उसवणे, उकलणे की सोडवणे? विणकामातला शब्द हवा आहे

शेवंती
नमस्कार मंडळी, एका शब्दावर चार दिवस अडून बसलेय. रत्नागिरीत आमचा आठ-दहा जणींचा गट आहे, रविवारी कोणाच्या तरी पडवीत बसून क्रोशाचं काम करतो. ह्या वर्षी नवीन लोकर विकत घ्यायची नाही असं ठरवलंय, म्हणजे माळ्यावरचे उरलेसुरले गुंडे, चाकरमान्यांनी मुंबईहून आणून टाकलेले स्वेटर (इकडे स्वेटर घालायची थंडी पडते कधी), बंद पडलेल्या दुकानातला जुना माल, कोणाच्या सासूबाईंच्या ट्रंकेतल्या सुया, सगळं एकत्र करून आपसात वाटून घ्यायचं. सगळ्यांना एकच नमुना देता यावा म्हणून मी बाजाराच्या जाळीच्या पिशवीची इंग्रजी कृती मराठीत लिहायला घेतली आणि तिथे अडले. माप चुकलं तर दोन ओळी 'फ्रॉग' करा असं त्यात आहे. विणलेलं ओढून काढायचं म्हणजे 'रिप इट, रिप इट', ते इंग्रजी बेडकाच्या ओरडण्यासारखं लागतं म्हणून फ्रॉग. आपला बेडूक डराव डराव करतो, तेव्हा ती वाट बंद.

मी आपलं सरळ 'उसवा' लिहिलं. काकूने वाचलं आणि लगेच बोट ठेवलं. तिचं म्हणणं, उसवते ती शिवण, विणलेलं उकलतात. काकू चाळीस वर्षं विणतेय, तिच्यापुढे मी काय बोलणार, पण मी जन्मभर 'उसव परत' हेच ऐकलंय. तुमच्याकडे काय म्हणतात?

टाकाटाका
उसवणेच. आमच्या शाळेत विणकामाच्या बाई होत्या, टाका एक जरी गळला तरी 'उसव' म्हणायच्या आणि समोर उभ्या राहून उसवायला लावायच्या. शिवण असो नाहीतर विणकाम, एकच शब्द. 'वीण उसवली' आपण म्हणतो की, माणसांच्या नात्याबद्दलसुद्धा म्हणतो.

शुद्धमती
काकू बरोबर आहेत. शिवणे हे संस्कृत 'सीव्' वरून, आणि त्याला 'उत्' लागून उसवणे. म्हणजे शिवण ह्या शब्दातच बसलेली आहे. शिवलेलंच उसवता येतं. विणताना शिवत नाही आपण, फासातून फास काढतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती काढून बघा, तिथेही हा शब्द शिवणीच्याच घरातला आहे. बोलताना लोक काहीही म्हणोत, लिहून चार जणींच्या हातात द्यायचं असेल तर नेमका शब्द द्यावा.

टाकाटाका
ताई, १८५७ साली माझ्या पणजीच्या हातात क्रोशाची सुई होती का ते आधी बघायला पाहिजे. शब्द हातातल्या कामामागून जातो. जी बाई सकाळी ब्लाउज उसवते आणि दुपारी टोपरं उसवते तिला कोणी 'आता शब्द बदल' असं सांगायचं?

झेला
उकलणे मला पटत नाही. उकलतं ते लाकूड, थंडीत उकलतात त्या टाचा, कोडं उकलतं. म्हणजे तडा जाऊन किंवा आपसूक उघडतं ते. लोकर ओढताना तसं काही होत नाही, एक टोक धरलं की सगळं सरसर येतं.

हर्णैकर
मी विणकाम करत नाही पण घरात मासे धरायची जाळी विणलेली बघतच मोठा झालो म्हणून लिहितो. जाळ्याच्या प्रत्येक आसाला, म्हणजे भोकाला, गाठ असते, त्यामुळे जाळं कधी उसवत नाही, उकलत नाही. फाटतं तेव्हा तेवढा भाग कापायचा आणि नवीन आस घालून सांधायचं. माझे आजोबा उतरत्या उन्हात जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून बसायचे आणि लाकडी पट्टीवर माप घेत आस टाकायचे, न बघता, बोलता बोलता. बहीण क्रोशा शिकली तेव्हा त्यांनी तिची जाळी हातात घेतली, टोक ओढलं, भराभर चार ओळी सुटल्या तर एकदम हात मागे घेतला. म्हणाले ह्याला गाठच नाही, हे मासा कसं धरणार. त्या दिवशी मला कळलं की दिसायला दोन्ही जाळीच पण एक गाठीवर उभी आहे आणि दुसरी फासावर. तुमचा शब्द ह्या फरकातून निघेल असं वाटतं.

शेवंती
हर्णैकर दादा, किती छान लिहिलंत, आजोबांचा हात मागे घेतलेला अगदी दिसला. आणि हेच माझं दुखणं आहे कारण स्वेटरमध्ये तर दोन्ही कामं येतात. गेल्या रविवारी आम्ही एक मरून स्वेटर घेतला, अ‍ॅक्रिलिकचा, भरपूर मोठा. आधी बाजूची शिवण कापावी लागते, ती 'उसवली', इथे काकूचंही काही म्हणणं नाही. मग गळ्याकडून टोक शोधून ओढायला घेतलं ते काय? आणि एक सांगते, जुना स्वेटर घेताना आतली शिवण आधी उलटून बघा. तिथे ओव्हरलॉक मारलेलं असेल तर कापड कापून शिवलंय, म्हणजे प्रत्येक ओळीला दोरा तुटलेला. आमच्या पहिल्या स्वेटरचे वीत-वीतभर तुकडेच हातात आले. बाजू साखळीसारखी अखंड दिसली तरच घ्यायचा. ह्या मरून स्वेटरचा दोरा अखंड आला, फक्त मॅगीसारखा कुरळा. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड केली, चार ठिकाणी सैल बांधली, धुतली आणि खाली ओला पंचा लटकवून वाळत टाकली, दोन दिवसांत बराचसा सरळ झाला. पावसाळ्यात हा उद्योग करू नका, आठ दिवस वाळत नाही आणि कुबट वास बसतो तो जात नाही.

वेंगुर्लेकर
आमची आजी दोन्ही शब्द वापरत नव्हती. गुंता झाला की मी कात्री घ्यायचो तर ती म्हणायची 'अरे कापू नको, सोडय'. विणलेलं असू दे, वेणी असू दे, फुलांच्या वळेसराचा दोरा असू दे, 'सोडय'. तेव्हा माझं मत सोडवणे.

त्यावरून आठवलं, 'क्रोशा' शब्दच गोव्यावरून आपल्याकडे आला असं मला पक्कं वाटतं. पोर्तुगीजात 'क्रोशे' म्हणतात. चावी, फीत, पगार, घमेलं हे सगळं तिकडूनच आलं ना, मग सुई हातात आणि शब्द तोंडात असा एकदमच आला असणार.

शुद्धमती
मूळ फ्रेंच आहे, अर्थ लहान आकडा. पोर्तुगीजांनीही तिथूनच घेतला. आणि आपल्याकडे तो इंग्रजी शाळांतल्या शिवणकामाच्या तासातून आला असं माझं मत.

वेंगुर्लेकर
इंग्रजीतून आला असता तर सगळ्या महाराष्ट्रात एकच रूप असतं. कोणी क्रोशा म्हणतं, कोणी क्रोशे, हिंदीवाले क्रोशिया. आमच्याकडे 'ते क्रोशे', शेजारच्या रत्नागिरीकर वहिनी 'तो क्रोशा' म्हणतात, आणि सुईलाच क्रोशा म्हणणारेही आहेत, 'माझा क्रोशा कुठे गेला' असं.

शुद्धमती
म्हणूनच मराठी शब्द हवा. सुईला टोकाशी आकडा आहे. 'आकडीकाम' म्हणावं. सुटसुटीत आहे.

टाकाटाका
आकडी माणसाला येते हो. 'काकू रोज दुपारी आकडीकाम करतात' असं कोणी वाचलं तर काळजीने विचारपूस करायला येतील लोक. क्रोशा हा आता मराठीच शब्द आहे, त्याला 'चा', 'ने', 'वर' सगळं लागतं. रुखवतात क्रोशाचं तोरण, बाळंतविड्यात क्रोशाचं टोपरं. ह्यापेक्षा आणखी घरचा कसा होणार?

झेला
आकडी तर आमच्याकडे फळं काढायच्या काठीला म्हणतात. आणि आंबे काढायच्या झेल्याला खाली जी जाळी असते ती माझी आई स्वतः विणते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'नूतन झेला' आला तेव्हा तिने त्याचीच जाळी बघून तशी विणली, बांधायच्या नायलॉन दोरीची, जाड सुई घेऊन. सगळे मुके खांब, म्हणजे क्रोशातले बुटके टाके, कारण उंच टाके म्हणजे खांब घातले तर भोकं मोठी पडतात आणि देठ अडकतो. त्यामुळे क्रोशा म्हटलं की मला टीव्हीवरचा रुमाल नाही आठवत, हापूस आठवतो.

शेवंती
मुक्या खांबाचं बरं काढलंत! इथे मराठीने इंग्रजीवर कडी केलीय हे मला ह्याच कृतीत कळलं. 'डबल क्रोशे' म्हटलं की अमेरिकेत आपला खांब, ब्रिटनमध्ये तेच नाव मुक्या खांबाला. एकच शब्द, दोन वेगळे टाके. माझी पहिली पिशवी ह्यामुळे ठेंगणी झाली, ब्रिटिश समजून सगळे मुके खांब घातले, बारा ओळी झाल्या तरी जाळी वितीएवढी पण होईना. मग मागच्या पानावर 'सिंगल क्रोशे' दिसलं तेव्हा उलगडा झाला, ब्रिटिश कृतीत सिंगल नावाचा टाका सहसा येत नाही, म्हणजे ही अमेरिकन. मराठीत साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. घोळच नाही. सुईवर वेढा न घेता टाका तो मुका, एक वेढा घेऊन दोन-दोन फास दोनदा सोडवले की खांब, एक वेढा घेऊन तिन्ही फास एकदम सोडवले की अर्धा. बघा, इथे मीसुद्धा 'फास सोडवणे' लिहून गेले.

वेंगुर्लेकर
'मुका' का पण? मी असं ऐकलंय की त्याला वेढा नाही म्हणजे तो 'बोलत' नाही.

टाकाटाका
मला वाटतं 'मुका मार' म्हणतो ना तसं. मार लागलेला असतो पण वर काही दिसत नाही. तसा हा खांब आहे पण खांबासारखा उभा दिसत नाही, ओळीत दबून जातो.

झेला
मुका मारवालं मला पटलं.

शुद्धमती
मलाही. मात्र एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहिते. वर सगळे 'लोकर लोकर' करताय आणि शेवंती स्वतःच सांगतेय की स्वेटर अ‍ॅक्रिलिकचा. लोकर म्हणजे मेंढीचे केस. पिशवी तर सुताचीच करणार ना? मग गटातल्या पेटीवर 'लोकर' लिहून आत सूत, नायलॉन, अ‍ॅक्रिलिक सगळं कसं चालेल?

शेवंती
ताई, दुकानात जाऊन 'चार पदरी लोकर द्या' म्हटलं की लुधियानाचं अ‍ॅक्रिलिकच काढून देतात आणि मीही तेच मागितलेलं असतं. पण पेटीबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, आणि ते आम्ही सोसलंय. एका बंद दुकानाच्या मालातून बिनलेबलाचे नऊ गुंडे घेतले, विकणाऱ्याने सांगितलं कॉटन आहे. त्याचे गरम भांडं धरायचे रुमाल केले. पहिल्याच दिवशी कुकर उचलताना रुमाल हाताशी वितळायला लागला. तेव्हापासून लेबल नसेल तर बोटभर दोरा चिमट्यात धरून, खाली ताटलीत पाणी ठेवून जाळून बघतो. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख पडते. खरी लोकर केस जळल्याचा वास देते आणि राख बोटाने चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळून काळा कडक मणी होतो. मग चिठ्ठी लावून पेटीत. चिठ्ठीवर सूत, लोकर आणि 'दुकानची लोकर' असे तीन प्रकार लिहितो.

शुद्धमती
'दुकानची लोकर' हा शब्द मला आवडला, मनापासून.

हर्णैकर
ह्या जुनं गोळा करून वापरायच्या प्रकाराला काही शब्द आहे का? माझी मुलगी पुण्याला 'थ्रिफ्टिंग' म्हणते.

टाकाटाका
बोहारीण! जुने कपडे द्या, भांडी घ्या. माझ्या आईने दोन जरीच्या साड्या देऊन एक पातेलं घेतलं होतं आणि आठवडाभर सगळ्यांना दाखवत होती. थ्रिफ्टिंग म्हणजे तेच, उलट्या बाजूने.

वेंगुर्लेकर
नाही, बोहारीण दारात येते आणि तुमच्याकडचं जुनं नेते. थ्रिफ्टिंगवाला स्वतः शोधत फिरतो. 'जुनापाना बाजार' म्हणा हवं तर. आमच्याकडे गणपतीला घर झाडताना माळ्यावरून जे खाली येतं त्यातच सगळं मिळतं. मला आजीच्या सुयांचा डबा असाच मिळाला, गोळ्या-बिस्किटांचा पत्र्याचा, आत सात पोलादी सुया खोबरेल तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळलेल्या. इथल्या खाऱ्या हवेत उघडी सुई एका पावसात गंजते आणि गंजलेल्या सुईला पांढरं सूत लावलं की सुतावर पिवळी रेघ उठते. तेलाच्या फडक्यामुळे त्या आजही चकाकतायत. सगळ्यात बारीक सुईचं टोक डोळ्याला नीट दिसतही नाही, नखावर घासून आकडा कुठल्या बाजूला आहे ते शोधावं लागतं.

झेला
तेलाचा उपाय आजच करते. माझ्या दोन सुया गंजून गेल्यात.

टाकाटाका
झेला, बारीक मिठाच्या चिमटीने आणि लिंबाने घास, लगेच धुऊन पूस आणि मग तेल. नाहीतर परत येतो गंज.

शेवंती
मंडळी, कृती छापायला टाकली. मी 'उसवा / उकला' असं दोन्ही लिहिलं होतं. काकूने निळ्या पेनाने दोन्हीवर काट मारली आणि वर लिहिलं 'दोन ओळी सोडा'. विचारलं तर म्हणाली, तुझ्या त्या वेंगुर्ल्याच्या आजीचं खरं. मग तशाच पंधरा प्रती काढल्या.

वेंगुर्लेकर
अहो पण आजी 'सोडय' म्हणायची. म्हणजे सोडव. 'दोन ओळी सोडा' वाचून कोणीही दोन ओळी रिकाम्या सोडून पुढे विणायला घेईल!

शेवंती
अगदी तेच झालंय. एकीचा आत्ताच फोन आला होता, मधल्या दोन ओळी कुठून मोजून सोडायच्या म्हणून.