मदत हवी आहे : माजी सैनिक दादासाठी घरात बदल करायचे आहेत

दादा सैन्यात होता. सुरुंगाच्या स्फोटात त्याचे दोन्ही पाय गुडघ्याच्या वरून गेले. दिवसा कृत्रिम पाय लावतो, पण संध्याकाळी खुंटावर सूज आली की व्हीलचेअरशिवाय इलाज नसतो. पुढच्या महिन्यात तो कायमचा घरी येतोय आणि घर अजून तयार नाही.

दारात दोन पायऱ्या आहेत, मिळून ३० सेंटीमीटर उंची. १:१२ चा उतार (१ सेंटीमीटर चढायला १२ सेंटीमीटर लांबी) धरला तर रॅम्प ३.६ मीटर लांब हवा, जागा आहे जेमतेम अडीच मीटर. काटकोनात वळवला तर वळणावर दीड मीटरची सपाट जागा सोडावी लागते. असा रॅम्प कुणी बांधलाय का? उतार जास्त ठेवा, मागून कोणीतरी ढकलेल, असं गवंडी म्हणतो. मला ते मुळीच मान्य नाही. दादाला स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत घरात येता यायला हवं.

खरी अडचण बाथरूमची. दार ६५ सेंटीमीटरचं आणि आत उघडणारं. परवा रिकामी व्हीलचेअर लावून पाहिली, तर चाकांच्या कडा चौकटीला घासून तिथेच अडकली. सरकतं दार बसवून ९० सेंटीमीटर मोकळी वाट मिळेल का? भिंत पोकळ विटांची आहे; आधाराचे दांडे पूर्ण वजन पेलतील असे कसे बसवायचे?

माजी सैनिकांच्या घरांची अशी कामं केलेल्यांनी, किंवा घरी हे सगळं निभावलेल्यांनी, कृपया मापांसकट सांगा. घाईत चुकीची तोडफोड करायची नाहीये.