अनुभव धागा : कोकण किनाऱ्यावरचा प्रचार, खळा बैठकीपासून मतमोजणीपर्यंत

धागाकर्ता

२००८ च्या पुनर्रचनेत रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा लोकसभा मतदारसंघ झाला. त्यात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. २००९, २०१४ आणि २०१९ ला भाजपशी युतीत ही जागा लढवायला शिवसेनेकडे होती. २०२४ ला भाजपने नारायण राणे यांना उभं केलं आणि लोकसभेला इथल्या मशीनवर पहिल्यांदा कमळ आलं. राणे ४७,८५८ मतांनी जिंकले. पण या आकड्याच्या पोटात दोन वेगळे निकाल आहेत. सिंधुदुर्गातल्या तिन्ही भागांत राणे पुढे होते आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिन्ही भागांत ठाकरे गटाचे विनायक राऊत. पक्ष तोच, उमेदवार तोच आणि भाषणही बहुतेक तेच.

घरांना कुलपं, वर्गात चार पोरं, बंदरात गाळ, अशा पट्ट्यात उजव्या विचाराचा उमेदवार 'कोकण पुन्हा उभं करतो' म्हणून मतं मागतो. तेव्हा हा प्रचार प्रत्यक्षात चालतो कसा आणि फसतो कुठे, हे जाणकारांनी लिहावं. कोणाला मत द्यावं हा धाग्याचा विषय नाही. स्वतःची गाथा नको, कामाचं लिहा.

हिशेबनीस

तारखांपासून सुरू करतो, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. २०२४ ला इथल्या म्हणजे तिसऱ्या टप्प्याची अधिसूचना १२ एप्रिलला निघाली. अर्जाची शेवटची तारीख १९ एप्रिल, माघार २२ ला, प्रचार ५ मेच्या संध्याकाळी ६ ला बंद आणि मतदान ७ मे. महायुतीत जागा कोणाची हा वाद चालला आणि उमेदवारी जाहीर झाली १८ एप्रिलला. म्हणजे उमेदवाराच्या हातात अडीच आठवडेच उरले.

यात सगळ्यात महाग पडतो तो घरून मतदानाचा १२-ड फॉर्म. ८५ च्या वरचे मतदार आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेले मतदार घरून मत देऊ शकतात. पण भरलेला फॉर्म अधिसूचनेनंतर ५ दिवसांत निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचावा लागतो, म्हणजे १७ एप्रिलपर्यंत. उमेदवार ठरायच्या आधीच ती खिडकी बंद! ज्या वाडीत म्हातारा-म्हातारी एकटी राहतात आणि शाळेपर्यंत चढण आहे, तिथे हीच मतं असतात. त्यामुळे हे काम उमेदवाराची वाट न बघता गावातल्या कार्यकर्त्याने मार्चमध्ये हाती घ्यायचं. बीएलओकडून, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडून, फॉर्म घरी आला का, भरून परत गेला का, अपंगत्वाचा दाखला जोडला का, एवढं पाहायचं. एकदा घरून मतदान मंजूर झालं की त्या मतदाराला केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. पथक आलं तेव्हा आजी मुलीकडे गेलेली असली तर पथक आणखी एकदा येतं, तिसऱ्यांदा नाही.

आता पैसे. लोकसभेला खर्चमर्यादा ९५ लाख. मतदार साधारण साडेचौदा लाख आणि केंद्रं दोन हजारांच्या जवळपास. प्रत्येक केंद्रामागे पाच हजारही येत नाहीत आणि त्यात जीप, मंडप, पत्रकं, जेवण सगळं बसवायचं असतं. खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडावं लागतं. एका माणसाला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत रोख दहा हजारांच्या वर देता येत नाही. जीपवाला रोज रोख मागतो, चौथ्या-पाचव्या दिवशी मर्यादा ओलांडते आणि नोंदवहीच्या तपासणीत नोटीस हातात पडते. चेकने द्या, तो कुरकुरला तरी.

खळ्यातलो

मोठी सभा कोकणात दिसायला बरी. मत फिरतं ते खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात.

पक्षाची रचना अशी: यादीच्या एका पानाला एक पन्नाप्रमुख, वर बूथ समिती, चार-सहा बूथांचं एक शक्तिकेंद्र. घाटावर हे छान चालतं, इथे पान आणि वाडी जुळत नाही. एकाच पानावर वरच्या वाडीची पाच घरं, खालच्या वाडीची तीन आणि उरलेली नावं डोंबिवली-विरारला. पन्नाप्रमुख दोन डोंगर चढून कुलपं बघून येतो. म्हणून आधी यादी वाडीवार फोडायची आणि प्रत्येक नावापुढे चारपैकी एक खूण करायची: गावात, मुंबईत पण येणारा, मुंबईत न येणारा, मयत. हे केलं की आठशेच्या बूथवर खरे सापडणारे मतदार किती, हे कळतं आणि बरेचदा ते पाहून धक्का बसतो.

खळा बैठकीला पंचवीस ते चाळीस माणसं, त्याहून जास्त नकोत. वेळ संध्याकाळी साडेसातनंतर, गुरं बांधून, भात चुलीवर ठेवून बायका मोकळ्या होतात तेव्हा. माईक नको. एका संध्याकाळी तीन बैठका नीट होतात. सहा लावल्या तर शेवटच्या वाडीत उमेदवार पावणेबाराला पोचतो आणि माणसं झोपलेली असतात.

खळं कोणाचं, हा सगळ्यात नाजूक भाग. ज्या घराशी निम्म्या भावकीचं जमिनीवरून कोर्टात चाललंय, त्या खळ्यात उरलेली निम्मी वाडी पाय ठेवत नाही. मग पक्षाचं नाव निघतं, 'ह्ये त्येंचे!' त्याच वाडीत दुसऱ्या घराच्या खळ्यात अर्ध्या तासाने दुसरी बैठक ठेवली की काम होतं. हे गावातला माणूसच सांगू शकतो, कणकवलीच्या ऑफिसातला नकाशा नाही.

तांडेल

वर किनाऱ्याचा उल्लेख नुसता 'बंदरात गाळ' एवढाच आला, म्हणून सविस्तर.

मच्छीमार एक नाही. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात गाबीत समाजाचे छोट्या जाळ्यांचे गिलनेटवाले आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकर. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात पर्ससीनचे, म्हणजे अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या नौकांचे, मोठे मालक आणि दालदी मुसलमान मच्छीमार. मालवणात 'पर्ससीन बंद करू' म्हटलं की टाळ्या पडतात, तेच वाक्य मोबाईलवरून संध्याकाळपर्यंत मिरकरवाड्यात पोचतं. दोन बंदरांत दोन भाषणं करणारा उमेदवार पकडला जातोच. त्यापेक्षा जे कायद्यात आधीच लिहिलंय, त्याची अंमलबजावणी मागणं दोन्हीकडे चालतं.

ते काय, हे उमेदवाराला पाठ पाहिजे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याचं, त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचं. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये आपल्या हद्दीत बंदी घातली. पर्ससीनवर राज्याची बंधनं २०१६ च्या अधिसूचनेपासून आहेत. २०२१ च्या राज्य दुरुस्तीने एलईडीसाठी ५ ते २० लाखांचा दंड ठेवला आणि सुनावणी तहसीलदाराकडून काढून मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्याकडे दिली. इतका कडक कायदा असून दिवे का दिसतात? दिवे आणि जनरेटर एका बोटीवर असतात आणि जाळं दुसऱ्या बोटीवर. गस्तीनौका येईपर्यंत दिवे विझतात, मग पुरावा म्हणून उरते नुसती एक होडी. म्हणून 'एलईडी बंद करणार' या वाक्याला मालवणच्या दांडी किनाऱ्यावर कोणी विचारत नाही. वेगवान गस्तीनौका किती, त्या रात्री कुठे उभ्या, डिझेल कोण देणार, जप्त केलेली सामग्री परत कधी सुटते, हे प्रश्न येतात. उत्तर नसेल तर भाषण आटोपतं घ्यावं.

डिझेल परतावा ही दुसरी गोष्ट. मच्छीमार सोसायटीच्या पंपावर नौकामालक पूर्ण भावाने डिझेल घेतो आणि राज्याच्या कराची रक्कम मागाहून खात्यात येते, कधी कधी कित्येक महिन्यांनी. परवान्याचं नूतनीकरण चुकलं तर ती नौका यादीतून बाहेर. हा राज्याचा कर आहे. खासदारकीचा उमेदवार थेट देऊ शकत नाही, पाठपुरावा करू शकतो, आणि तसंच सांगावं.

वेळेचं म्हणाल तर भल्या पहाटे नौका बाहेर असतात. सकाळी रापण ओढताना दोर हातात असलेल्या माणसाला पत्रक देऊ नये, तो ते दोराबरोबर पाण्यात टाकतो. संध्याकाळी लिलाव आटोपला, पेट्यांवर बर्फ पडला, बायकांच्या टोपल्या रिकाम्या झाल्या की मग बोलायचं. मासे विकणाऱ्या बायकांशी वेगळं बोला, बाजारातला ओटा, पाणी आणि स्वच्छतागृह हा त्यांचा विषय असतो. आणि मोठ्या नौकांवरचे बरेच खलाशी कर्नाटकातले किंवा नेपाळी असतात. धक्क्यावर गर्दी दिसली म्हणून ती मतं धरू नयेत.

कलमवाला

थोडक्यात. मतदान ७ मेला म्हणजे हापूसच्या ऐन तोडणीत. सकाळी माणूस बागेत, दुपारी भर उन्हात कोणी मिळत नाही, रात्री पेटी भरणं चालतं. तिथे जाऊन पेटी भरता भरता बोलावं लागतं. बागायतदाराला थ्रिप्सची कीड, माकडं आणि हवामानावरचा फळपीक विमा हे तीन विषय पुरतात. विम्यात नेमकं दुखतं ते हवामान केंद्रावर. केंद्र महसूल मंडळाच्या एका टोकाला, पाऊस दुसऱ्या टोकाला, भरपाई शून्य.

काजूचं उलट आहे. मोठा बागायतदार नाही, घरटी पन्नास-शंभर किलो बी. गोव्यात २०२३ मध्ये किलोला १५० चा आधारभाव झाला, आणि दोडामार्गचा शेतकरी पुलाच्या पलीकडचा भाव रोज ऐकतो. सिंधुदुर्गात मागणी २०० ची होती. कच्च्या काजूवरचं आयात शुल्क केंद्राच्या हातात आहे, म्हणजे खासदाराने बोलावं असा खरा मुद्दा हाच. त्यावर बोलणारे मोजकेच.

महामार्गग्रस्त

या पक्षाचा मतदार नाही, तरी प्रचार जवळून पाहिलाय म्हणून लिहितो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. सिंधुदुर्गातला रस्ता जवळजवळ झाला, रत्नागिरी जिल्ह्यात तुकडे राहिले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणला उड्डाणपुलाचं चालू काम कोसळलं. सत्तेतल्या पक्षाने तिथे जाऊन 'विकास' म्हटलं की समोरचा हसतो. निकालातल्या दोन जिल्ह्यांच्या फरकाचं हे एकच कारण नव्हे, पण कारण आहेच. घोषणा न करता तुकड्यांची यादी द्यावी. कुठून कुठे, ठेकेदार कितवा, काय अडलंय: भूसंपादन, पूल की डोंगराची दरड.

रिफायनरीचंही तेच. नाणारची अधिसूचना २०१९ ला रद्द झाली, एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती परीक्षणाला पोलीस आले. त्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. राजापूरच्या त्या पट्ट्यात 'रोजगार येणार' एवढंच म्हणणं म्हणजे सभा उधळायला आमंत्रण. प्रकल्पाच्या बाजूने असाल तर जागा, पाणी कुठून, सांडपाणी कुठे, हे सांगा. नसाल तर तसं सांगा. गप्प बसणं सगळ्यात वाईट, कारण दोन्ही बाजू तुम्हाला पलीकडचा समजतात.

चिपी विमानतळाचंही जपून. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सुरू झाला खरा, पण जानेवारी २०२३ पासून गोव्यातल्या मोपाला विमानं उतरू लागली आणि सावंतवाडीकराला ते सोयीचं पडतं.

मंडळाचा सेक्रेटरी

चाकरमान्यांबद्दल गैरसमज फार. मुंबईचं मतदान २० मेला होतं, इथलं ७ मेला, शाळांना सुट्टी. म्हणजे ज्यांचं नाव गावच्या यादीत, ते येऊ शकत होते. अडचण तिकिटाची. तेव्हा रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं आणि निवडणूक जाहीर झाली १६ मार्चला. तोवर मेच्या गाड्या भरलेल्या. मग कोणीतरी सुचवतं, बस करूया. उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने मतदारांना फुकट वाहनाने केंद्रावर आणणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(५) खाली भ्रष्ट मार्ग आहे आणि त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. गावच्या मंडळाच्या लोकांनी स्वतःच्या वर्गणीतून गाडी केली तर ती त्यांची. तिच्यावर पक्षाचा झेंडा, जेवणाचं पाकीट, कार्यकर्ता, काहीही नको.

आणि दोन ठिकाणी नाव ठेवू नका, तो गुन्हा आहे. बदल करायचा तर फॉर्म ८.

पुजाऱ्याचो भाचो

ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालणं ही इथली रीत, प्रत्येक पक्षाचा उमेदवार करतो. हरकत नाही. मात्र गाऱ्हाण्यात चिन्ह आणि पक्ष आला, सभामंडपात भाषण झालं, की आचारसंहितेचा भंग. उजव्या पक्षाच्या कार्यकर्त्यांचा तोल इथेच जातो, कारण त्यांना देऊळ आपलं घर वाटतं. धर्माच्या नावाने मत मागणं हेही कलम १२३ मध्येच बसतं. शिवाय देवस्थानाचे मानकरी दोन गटांत असतील तर ज्याच्या हातचा नारळ घेतला, त्याचा गट तुमचा झाला. पालखीच्या दिवशी नुसता नमस्कार करून सरळ निघावं.

हिशेबनीस

मतदानाच्या दिवसाचं राहिलं होतं. मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी, मतदानाआधी दीड तास, साडेपाचला, किमान ५० मतं. इतक्या पहाटे डोंगरावरच्या केंद्रात पोचायला प्रतिनिधी त्याच गावचा हवा. बाहेरचा ठेवला तर तो सात वाजता येतो आणि चाचणीची मतं मशीनमधून पुसली की नाही हे त्याने पाहिलेलंच नसतं. पक्षाचं टेबल केंद्रापासून २०० मीटरच्या बाहेर लागतं, वर सावली, माठात पाणी. दुपारी बारा ते तीन उन्हाने केंद्र ओस पडतं, म्हणून वाडीवार यादीतले 'गावात' खूण केलेले लोक अकराच्या आत किंवा चारनंतर निघतील असं बघायचं.

मतदान संपल्यावर १७-क ची, म्हणजे केंद्रात पडलेल्या मतांच्या हिशेबाची, सहीची प्रत घेतल्याशिवाय प्रतिनिधीने केंद्र सोडू नये. मतमोजणीच्या टेबलावर तीच जुळवायची असते. आणि निकालानंतर ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे खर्चाचा हिशेब द्यायचा, जिंकलेल्याने आणि हरलेल्यानेही. हरलेल्यांची कचेरी दुसऱ्या दिवशी बंद होते आणि पावत्या रद्दीत जातात. वेळेत हिशेब न दिल्यास निवडणूक आयोग तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो.